कोपऱ्यापासून दारापर्यंत

वन्सं, आधी भांडण. बाकीचं मग.

अर्धं पान टाकून कोणी जातं का? त्या दिवशी सकाळी तुम्ही मला म्हणालात, "वहिनी, आज अंगात कसकस आहे, पान उद्या पुरं करू." आणि दुपारच्या चहाची वेळ व्हायच्या आत निघूनही गेलात. एकोणऐंशीव्या वर्षी, झोपेत, कोणालाही धावपळ करायला न लावता. त्याबद्दल माझी तक्रार नाही, ते तुमच्या शिस्तीला धरूनच झालं. पण जन्मभर भूगोल शिकवलेल्या बाईनं कोपऱ्यापर्यंतचा रस्ता सांगावा आणि पुढचा सांगायचा ठेवावा? मुलींच्या नकाशात एक नदी राहिली तर तुम्ही वही परत करत होतात. मी तुमचं पान कोणाकडे परत करू?

हे मंडळाच्या अंकात छापून येणार आहे, त्यामुळे तुम्हाला ठाऊक असलेलंही मला सांगावं लागेल. मध्ये मध्ये "माहितेय, माहितेय" करू नका.

तर, काशीत दूधविनायकाला आपल्या मराठी मंडळाचं यात्रीनिवास आहे. वर अकरा खोल्या, खाली वाचनालय आणि कचेरी. कचेरीच्या खिडकीत मी बसते. आपलं घर तिथून दोन गल्ल्या पलीकडे. मी सकाळी लवकर येऊन कुलूप काढायचं आणि तुम्ही दहाच्या सुमाराला काठी घेऊन एकट्या यायचं, हा आपला नेम. तुमच्या डोळ्यांत काचबिंदू होता. आधी कडा गेल्या, मग मधलंही गेलं, आणि शेवटची नऊ-दहा वर्षं तुम्हाला उजेड-अंधारापलीकडे काही दिसत नव्हतं. त्याचं तुम्ही कधी भांडवल केलं नाहीत. मला साधं पडसं झालं तरी मी गल्लीभर सांगते.

आणि मंडळाला एक वेबसाइट होती. ती सजवली होती मी.

पंधरा वर्षांपूर्वी मी मंडळाची सांस्कृतिक चिटणीस होते. वय बासष्ट आणि अक्कल साधारण सोळा. ती बाई आज समोर आली तर मी तिला पाणीसुद्धा विचारणार नाही. तिनं ठरवलं की काशीची वेबसाइट म्हणजे उघडल्याबरोबर शंख वाजला पाहिजे. एकदा नाही, तीनदा. तो बंद करायची सोय कुठे होती, ते बनवणाऱ्यालाही नंतर आठवलं नाही. केशरी रंगावर हळदीच्या रंगाची अक्षरं. वर झेंडूची माळ डावीकडून उजवीकडे सरकत जायची. खोली हवी असेल तर एक कमळ दाबायचं, आणि कमळ दाबायचं हे ज्याचं त्यानं ओळखायचं. सगळ्यांत मोठा पराक्रम म्हणजे मजकूर. माझं अक्षर सुंदर. साताऱ्याच्या शाळेत मला अक्षराची बक्षिसं मिळाली होती, हे मी चोपन्न वर्षांत तुम्हाला किती वेळा सांगितलं ते तुम्हीच मोजलं असेल. तर सगळी माहिती, खोल्यांचे नियम, जेवणाच्या वेळा, विधींची यादी, मी बोरूनं कागदावर लिहिली आणि त्या कागदांचे फोटो वेबसाइटवर चढवले. लोक वा वा म्हणाले. मी पुढे दोन वर्षं त्या वा वा वर जगले.

मग गेल्या वर्षी एक दिवस तुम्ही कचेरीत आलात, तुमचा बोलणारा फोन टेबलावर ठेवलात आणि म्हणालात, "ऐक."

शंख वाजला. पुन्हा वाजला. तिसऱ्यांदा वाजला. त्याखाली फोनमधली बाई काहीतरी बोलत होती, ती शंखापुढे ऐकू येईना. शंख संपल्यावर तिचा आवाज आला, "चित्र. चित्र. चित्र. बटण. चित्र."

"हे काय म्हणतेय ती?" मी विचारलं.

"तुझं अक्षर वाचतेय."

"अक्षर चांगलं आहे हो वन्सं."

"असेल की. तिला ते चित्र म्हणून तरी कळतं. मला तेवढंही नाही."

मला राग आला. राग आला की मी मूर्खासारखं बोलते. मी म्हणाले, "मग विचारायचं कोणाला तरी! एवढी माणसं आहेत आजूबाजूला."

तुम्ही फोन पदराला पुसून पिशवीत टाकलात. "वाचता येणं म्हणजे काय गं वहिनी? विचारावं न लागणं."

पुढे तुम्ही खरी गोष्ट सांगितलीत. आदल्या दिवशी एक यात्रेकरू आले होते. त्यांना दिसत नव्हतं. आईच्या अस्थी घेऊन एकटे आले, फोनवर आपली वेबसाइट लावली, तर शंख आणि चित्र, चित्र. तास-दीड तास गल्ल्यांतून फिरत राहिले. शेवटी कोणी तरी हाताला धरून आणून सोडलं. मी बाजारात गेले होते, दारात तुम्ही होतात. ते रागावले असते तर बरं झालं असतं, तुम्ही म्हणालात. ते लाजले. म्हणाले, "आम्हाला दिसत नाही, चूक आमचीच."

"त्यांची चूक?" तुमचा आवाज असा चढलेला मी फार कमी ऐकलाय. "माणूस आईला पोचवायला आलाय आणि माफी मागतोय! वहिनी, असा माणूस पुढच्या खेपेला कोणाचा हात न धरता या दारात आला पाहिजे. कोणीही आला पाहिजे. हे झाल्याशिवाय मी मरणार नाही."

वन्सं, तुम्ही खोटं बोललात. पण ते असू दे.

मग निशा आली. मुन्शी घाटाच्या मागे राहणारी निशा मिश्रा, पस्तिशीची, वेबसाइटींचंच काम करणारी. तिनं आपली वेबसाइट उघडली, शंख सहन केला, झेंडूची माळ एक फेरी पूर्ण होईपर्यंत पाहिली आणि फार आदरानं विचारलं, "दादी, ये किसी की शादी का कार्ड है?"

तुम्ही अशा हसलात की वाचनालयात पेपर वाचणारे लोक उठून बघायला आले.

निशानं मला पहिल्या दिवशी शिकवलं की अक्षर आणि पाठीमागचा रंग यांत अंतर पाहिजे, नाहीतर म्हाताऱ्या डोळ्यांना ते दोन्ही एकच होतं. मी लगेच मान डोलावली नाही. घरी गेल्यावर आठवलं, माझ्या मोतीबिंदूच्या दिवसांत मला माझीच वेबसाइट वाचता आली नव्हती आणि मी चष्मेवाल्याशी भांडून आले होते. त्या बिचाऱ्यानं दोनदा काच बदलून दिली होती. त्याची मी अजून माफी मागितलेली नाही. तो वारला. असे माझे बरेच राहिलेत.

हळदी-केशरी गेलं. शुभ्र पान आलं, काळीभोर मोठी अक्षरं आली. माळ गेली. कमळाच्या जागी सरळ लिहिलं, ‘खोली हवी आहे’. शंख बंद झाला त्या दिवशी तुम्ही निशाला लौंगलता मिठाई खाऊ घातलीत. माझं अक्षर काढायची वेळ आली तेव्हा मात्र मी दोन दिवस तुमच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी तुम्हीच निशाला म्हणालात, "मंडल का नाम ऊपर वहिनी के हाथ का रहने दो. पर उसका वर्णन मैं लिखवाऊँगी." तुम्ही सांगितलेलं वर्णन आजही तिथे आहे. डोळस माणसाला ते दिसत नाही, फोन वाचून दाखवतो: ‘मंडळाचे नाव, हाताने लिहिलेले. सुंदर आहे. जरा जास्तच वळणदार.’

चोपन्न वर्षांत तुम्ही माझ्या अक्षराला सुंदर म्हटल्याची ही एकच नोंद. तीही मला ऐकायची असेल तर डोळे मिटून ऐकावी लागते.

सगळी पानं झाली आणि राहिलं एकच, ‘कसे यावे’. जुन्या पानावर मी लिहिलं होतं, मैदागिनला रिक्षा सोडा, आत या, निळं दार दिसेल, मग पिंपळ दिसेल, मग लाल देऊळ दिसेल. निशानं वाचून दाखवलं आणि तुम्ही प्रत्येक ‘दिसेल’ला काठी आपटत गेलात. "ज्याला दिसतं तो विचारत विचारत येतोच. मी सांगते तसं लिही. आणि लिहिलेलं बरोबर आहे का ते तू चालून बघायचं. डोळे बांधून."

सत्त्याहत्तराव्या वर्षी मी डोळ्यांना पंचा बांधून मैदागिनहून निघाले. पुढे तुम्ही काठी घेऊन, मागे मी तुमच्या खांद्यावर हात न ठेवता, कारण हात ठेवला की परीक्षा बाद. पानवाला ओरडला, "का अम्मा, एह उमर में आँखमिचौली?" तुम्ही न थांबता म्हणालात, "पढ़ाई चल रही है, भइया." मी एका भिंतीला हात टेकून दम घेतला आणि ती भिंत शेपटी हलवून पुढे निघून गेली. तुम्हाला सांडाचा श्वास आधीच ऐकू आला होता. तुम्ही मला सांगितलं नाहीत. म्हणालात, "प्रत्यक्ष अनुभवानं लक्षात राहतं."

आणि वन्सं, खरंच राहिलं. चोपन्न वर्षं मी ज्या गल्लीतून रोज गेले ती गल्ली मला त्या दिवशी पहिल्यांदा कळली. कमानीखालून जाताना डाव्या गालाला गार वारा लागतो. तिथून दगडी फरश्या संपतात आणि खाली विटा लागतात. मग उतार सुरू होतो, चपलेच्या पुढच्या टोकात पाय सरकतो. उतार संपतो तिथे नळ टपकत असतो. मी म्हणाले, कचौडीचा वास लिहू या, तो किती ठळक आहे! तुम्ही म्हणालात, "दुपारी तो माणूस कढई धुऊन घरी जातो. वासावर विसंबायचं नाही. पायाखाली जे आहे तेच लिही." पावलांवरून तर आपलं जुंपलंच. तुमची एक्केचाळीस, माझी त्रेपन्न. तुम्ही माझ्या चालीला बदकाची चाल म्हणालात, मी तुमच्या चालीला हवालदाराची. शेवटी पावलं मोजायचीच नाहीत असं ठरलं, कारण प्रत्येक माणूस आपापले पाय घेऊन येतो.

त्या दिवशी नळापाशी बसून तुम्ही माझी जुनी गोष्ट काढलीत. मी लग्न होऊन नुकती आले होते. तेवीस वर्षांची, पदवीधर, नाकावर माशी बसू न देणारी. एकटी जाऊन केसांच्या पिना आणते म्हणाले आणि एकाच विहिरीभोवती तीन वेळा फिरून आले. शेजारच्या बाईनं पाहिलं. रस्ता चुकले म्हणायची लाज, म्हणून मी सांगितलं, प्रदक्षिणा घालतेय. संध्याकाळपर्यंत सगळ्या आळीत झालं, सून फार धार्मिक आहे. सासूबाईंनी कौतुकानं रोज सकाळी प्रदक्षिणेला पाठवायला सुरुवात केली. सात-आठ महिने मी त्या विहिरीला फेऱ्या घातल्या, वन्सं! आत देव होता की नुसतं पाणी, ते मला आजवर ठाऊक नाही.

तुम्हाला तेव्हाच कळलं होतं. दुसऱ्या दिवशी माझ्या उशीखाली पेन्सिलनं काढलेला गल्ल्यांचा नकाशा सापडला. तुम्ही एक शब्द बोलला नाहीत, ना मला, ना सासूबाईंना. मी तुमचे आभार मानले नाहीत, कारण मानले असते तर रस्ता चुकले होते हे कबूल करावं लागलं असतं. आता करते कबूल. चुकले होते. नकाशा फार कामी आला.

तर मैदागिनपासून मंडळाच्या गल्लीच्या कोपऱ्यापर्यंतचं पान झालं. कोपऱ्यापासून मंडळाच्या दारापर्यंतचं राहिलं. थोडकंच अंतर. मी विचारलं, पुढे काय लिहू? तुम्ही म्हणालात, "पुढे काय, येतोच की आपण." दोन दिवसांनी विचारलं तर पाणी मागितलंत. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा निशाही होती. तुम्ही उगाच चिडलात. "सगळं मीच सांगायचं का? तुम्हाला डोळे आहेत ना?" तुमच्या तोंडी ते वाक्य शोभेना. निशानं माझ्याकडे पाहिलं, मी निशाकडे. मग ती कसकस, आणि उद्या.

मणिकर्णिकेला मी आले होते. बायकांनी येऊ नये म्हणणारे दोघे होते, त्यांना मी म्हणाले, मला रस्ता माहीत आहे, तुम्हाला नसेल तर माझ्यामागून या. फार रडले नाही. घरी येऊन तुमची काठी दाराशी उभी पाहिली तेव्हा रडले, तेही काठीला जरा दरडावून.

तेराव्यानंतर सेक्रेटरी गोडबोले आले. माणूस चांगला, घाई फार. "काकू, रविवारी वेबसाइट सुरू करायचीय. ‘कसे यावे’ अर्धंच आहे. त्याऐवजी आपण नकाशा टाकू. शिवाय ड्रोननं काढलेला व्हिडिओ आहे, फारच सुंदर."

"ड्रोननं काय दिसतं?"

"गच्च्या दिसतात, घाट दिसतात..."

"गच्चीवरून कोण येणार आहे? माकडं?"

"आता आत्याबाई राहिल्या नाहीत. तसं वाचणारे कितीसे येतात?"

वन्सं, मी त्यांना त्या यात्रेकरूबद्दल सांगितलं. चूक आमचीच म्हणाले ते. गोडबोल्यांनी खिशातली डायरी काढून तारखा पाहिल्या. मग म्हणाले, "शनिवारपर्यंत पुरं करा. नाहीतर नकाशा."

तीन दिवस होते. पहिल्या दिवशी पंचा बांधून मी कोपऱ्यावर उभी राहिले आणि तिथे मला काहीच सापडेना. विटा सगळ्या सारख्या. उतार नाही, नळ नाही, वारा नाही. डाव्या हाताला एकामागून एक चार दारं, त्यांतलं एक आपलं, चारींना दोन-दोन पायऱ्या, चारींचे उंबरे एकाच कारागिरानं घडवल्यासारखे. पहिल्या वेळी मी शेजारच्या तिवारींच्या स्वयंपाकघरात पोचले. दुसऱ्या वेळीही तिवारींच्याच. तुम्ही नऊ वर्षं कशा येत होतात इथे? एकदाही चुकला नाहीत!

दुसऱ्या दिवशी पुन्हा तिवारींकडे गेले तेव्हा त्यांची बायको, तिवराइन, भाजी चिरत होती. तिनं बसायला वेताचा मोढा पुढे सरकवला. "बइठिए अम्मा, अब तो रोज आना है. क्या खोज रही हैं?"

मी सांगितलं. तिनं सुरी खाली ठेवली.

"आपको नहीं पता? बुआजी तो आपकी आवाज पर आती थीं."

"माझी... मेरी आवाज?"

"कोने पर आके खड़ी हो जाती थीं. आप खिड़की में किसी न किसी पर चिल्ला ही रही होती थीं. नलवाले पर, कबूतर पर, फोन पर. बस, उसी को सुनते हुए सीधे चली जाती थीं. और जिस दिन आप चुप, उस दिन कोने पर लाठी ठोंकती थीं, ठक-ठक-ठक, जब तक आप चिल्लाएँ नहीं."

वन्सं.

ती काठी मला ठाऊक होती. ती मला छळायला आपटता असं मी नऊ वर्षं समजत होते. खिडकीतून ओरडायचे, "कोण आहे ते मेलं, सकाळी सकाळी आपटतंय!" आणि जरा वेळानं तुम्ही उंबऱ्यात उभ्या. चेहरा सरळ ठेवून म्हणायचात, "मीच ती मेली."

तिवराइननं मला चहा दिला. मी तो तिथेच बसून प्याले.

मग घरी येऊन मी तुमच्यावर रागावले. मनसोक्त. सांगायला काय झालं होतं? मग मलाच कळलं काय झालं होतं ते. मला सांगितलं असतंत तर मी दुसऱ्या दिवसापासून दहा वाजले की गोड गळा काढून बसले असते, आणि आळीभर मिरवलं असतं की वन्सं माझ्यावाचून दारात पोचत नाहीत. हे एक. दुसरं याहून अवघड. विचारावं न लागणं, हे तुमचं ब्रीद. सगळी वेबसाइट आपण त्यावर उभी केली. आणि रस्त्याच्या शेवटच्या तुकड्याला तुम्हाला रोज माणूस लागत होतं. तुम्ही ते लिहूनच देऊ शकला नाहीत. लिहिलं असतं तर हरल्यासारखं झालं असतं.

इथे मला तुमच्याशी वाद घालायचाय, आणि आता तुम्ही पाणी मागून सुटू शकत नाही. तुम्ही हरला नव्हतात. मैदागिनपासून कोपऱ्यापर्यंत तुम्ही आपल्या पायांनी आलात. पुढे आतल्या माणसानं आवाज द्यायचा असतो. दार आपलं आहे ना? मग येणाऱ्यानं मागायचं कशाला, ते आपलंच काम. तो यात्रेकरू कोपऱ्यापर्यंत आलाही असेल. आत आम्ही सगळे डोळस शंख लावून बसलो होतो.

शनिवारी बैठक झाली. मी सगळं सांगितलं. गोडबोले डोळे पुसत म्हणाले, "सोपं आहे काकू. आपण कोपऱ्याकडे तोंड करून स्पीकर लावू. दिवसभर शंख..."

निशानं कपाळाला हात लावला. मी म्हणाले, "गोडबोले, तो शब्द या इमारतीत पुन्हा काढायचा नाही."

"मग तुमचा आवाज रेकॉर्ड करू."

"माझं चिल्लाणं? यात्रेकरू परत जातील."

निशा म्हणाली, "दादी, पेज पर वही लिख सकते हैं जो हर बार सच हो. आप हमेशा खिड़की में रहेंगी?"

सत्त्याहत्तरीच्या बाईला असं विचारायला धीर लागतो. मला ती मुलगी म्हणूनच आवडते. मी म्हणाले, नाही राहणार. म्हणून हे माझं एकटीचं काम नाही. कचेरी उघडी असेल तोवर खिडकीत कोणी ना कोणी असलंच पाहिजे, वाटून घ्या. मी, गोडबोले, वाचनालयाच्या कुलकर्णीबाई. जेवायला उठायचं तर दुसऱ्याला बसवून उठायचं. गोडबोले म्हणाले, बोलायचं काय पण? मला काही सुचत नाही. मी म्हणाले, हिशेब मांडत बसता तेव्हा पुटपुटता ते मोठ्यानं पुटपुटा.

ठराव झाला. पान पुरं झालं. तुमच्या मजकुराखाली मी शेवटची ओळ घातली, साध्या काळ्या अक्षरांत, एकही वळण जास्त नाही:

‘कोपऱ्यावर थांबा आणि हाक मारा. कोणतीही हाक चालेल. मंडळातून कोणी तरी ओ देईल, आणि तुम्ही दारात पोचेपर्यंत बोलत राहील.’

रविवारी वेबसाइट सुरू झाली. सोमवारपासून सगळेच हाका मारायला लागले, वन्सं. ज्यांना चांगलं दिसतं तेही. कुरिअरवाला हाक मारतो, दूधवाला मारतो, तिवारींचा पोपट शिकलाय. गोडबोले प्रत्येक वेळी उठून ओ देतात आणि पोपटाला दारापर्यंत आणतात.

आणि काल सकाळी मी खिडकीत होते. कोपऱ्यावरून बाईचा आवाज आला, "अहो, कोणी आहे का मंडळात?" मराठवाड्याकडचा हेल. मी ओ दिली. ती म्हणाली, "मला दिसत नाही. बहीण आहे सोबत, तिला दिसतं, पण ती नकाशा बघत पुढल्या गल्लीत गेली. मी पानावर लिहिलंय तशी आले."

"बरोबर आलात," मी म्हणाले. "आता माझ्या आवाजाकडे या. सरळ. घाई नको."

आणि वन्सं, माझी वाचाच बसली. जन्मात पहिल्यांदा. नळवाला नाही, कबूतर नाही, कोणावर ओरडू? ती थांबली. काठी जमिनीवर टेकलेली. मी घाबरून तोंडाला आलं ते बोलायला लागले. म्हटलं, "ऐका, आमच्या एक वन्सं होत्या. भूगोल शिकवायच्या. मी नवी नवरी होते तेव्हा मी एकदा या गल्ल्यांत चुकले आणि एका विहिरीला तीन फेऱ्या घातल्या..." काठी पुढे सरकली. मी प्रदक्षिणेचं सांगितलं, ती हसली, हसत हसत चालली. तिवारींचं दार मागे पडलं. मी सासूबाईंचं सांगितलं. दुसरं दार मागे पडलं. मी सांगितलं की आठ महिने रोज सकाळी मी त्या विहिरीला...

तिची काठी आपल्या पायरीला लागली. तिनं एक हात चौकटीवर टेकला, दुसऱ्यानं पदर नीट केला आणि खोलीचं नाही, बहिणीचं नाही, पहिलं हेच विचारलं:

"आणि मग त्या वन्संनी काय केलं?"